टाक्यांची ऑर्डर देण्याआधी

वेंगुर्ला

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

तुझा ब्रुअरीचा आराखडा नीट वाचला. आजीला अजून ‘सरबताचा कारखाना’ एवढंच सांगितलंय, दारूची भट्टी म्हटलं तर ती जेवायची नाही. बाबा विचारतात, बार्ली राजस्थानची, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं परदेशातली, मग यात आपलं काय? मला त्यात कोकम दिसलं. तू म्हणतोस त्या जर्मन बिअरमध्ये मीठ आणि धणे घालतात ना? आपल्या आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, मीठ आधीच असतं. तो हिशोब धर, नाहीतर पहिली टाकी खारट.

शेवटच्या पानावर ‘दिव्यांगांना संधी देणार’ असं लिहिलंयस. ते पान पहिलं हवं होतं. टाक्या, पाइप, जिना सगळं ठरल्यावर माणसं शोधायला निघालास, तर तिथे कोण काम करू शकेल हे टाक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरनेच ठरवून टाकलेलं असेल.

आपल्या काजूच्या युनिटात ग्रेडिंगला बसते ती तुला आठवत असेल. लोक म्हणतात, ऐकू येत नाही म्हणून तिचं सगळं लक्ष कामात. काहीतरीच! तिलाही कंटाळा येतो, शिमग्याला तीही दांडी मारते. २४० आणि ३२० नंबरचा, म्हणजे मोठा आणि त्याहून लहान गर ती नजरेनं वेगळा काढते, कारण तिला कोणीतरी बसून शिकवलं आणि टेबल खिडकीशी लावून दिलं. ड्रायरचा बझर वाजायचा, तिथे आता दिवाही लागतो. खर्च किरकोळ. गंमत म्हणजे गप्पांच्या नादात बाकीच्या बायकांनाही तो बझर ऐकू येत नसे, दिवा मात्र सगळ्यांना दिसतो.

तुझ्याकडे तर हा जिवाचा प्रश्न आहे. बिअर आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो आणि त्याला रंग-वास काही नाही. त्याचा अलार्म नुसता वाजून चालणार नाही, लखलखलाही पाहिजे. ब्रुअरीतलं निम्मं काम धुण्याचं असतं हे तूच सांगितलंस. मग धुण्याच्या कॉस्टिकचे (तीव्र सोड्याचे) आणि ॲसिडचे कॅन वेगळ्या रंगांचे घे, वर चित्रं लाव, ठेवायची जागाही वेगळी कर. मावशीच्या धाकट्याला वाचायला वेळ लागतो, रंग पटकन कळतो. एकदा काम हातात बसलं की तो एक पायरी गाळत नाही, पण मध्येच पद्धत बदललीस तर गोंधळतो. आणि त्याला लगेच लेबलं चिकटवायला बसवू नकोस, सगळे तेच काम देतात. बाटली धुण्यापासून भरण्यापर्यंत सगळं दाखव, मग त्यालाच विचार.

पगार इतरांइतकाच. ‘दया म्हणून ठेवलाय’ म्हणत अर्ध्या पैशांत राबवून घेणारे मी इथे पाहिलेत. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव ठेवल्या, खाजगी धंद्यावर तशी सक्ती नाही. म्हणून तूच नेमणूकपत्र दे, पैसे बँकेत जमा कर. उद्घाटनाला त्यांना हार घालून फोटो काढत बसू नकोस. आणि पगाराबरोबर फुकट बाटल्या द्यायची तुमच्या धंद्यात पद्धत असेल, तर ती इथे आणायची नाही. शनिवारची मजुरी कुठे जाते ते वाडीतल्या बायकांना विचार.

वाडीचं म्हणशील तर दशावताराला देणगी दे, नको कोण म्हणतंय? पण एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी जातं आणि मे महिन्यात इथल्या विहिरी तळाला जातात. पावसाचं पाणी साठवायची टाकी आराखड्यात कुठेच नाही. हजार लिटरमागे साधारण २०० किलो बार्लीचा ओला भुसा निघणार, तो आपल्या दमट हवेत एका दिवसात आंबतो. गुरांसाठी हवा तर त्याच दिवशी गोठ्यात पोचायला हवा. टेम्पो कोणाचा, डिझेल कोणाचं, तेही लिही.

मावशीकडे मी अजून विषय काढलेला नाही. काम काय आणि पगार किती हे ठरलं की तूच तिला फोन कर, आणि धाकट्याशीही बोल.

तुझी,
आई