विज्ञानाच्या कार्यक्रमाला काकांनी यायचं की नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बँकेतून कॅशिअर म्हणून रिटायर झालोय, वय 63, शिक्षण बी.कॉम., म्हणजे सायन्सशी संबंध दहावीनंतर तुटला तो तुटलाच. आधी एकदा तुम्हाला रस्त्यातल्या खड्ड्यांवर पत्र लिहिलं होतं, ते तुम्ही छापलंत, खड्डे अजून आहेत. पण आजचा विषय वेगळा आहे आणि पत्र जरा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी.

यंदा 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्याकडच्या एका कॉलेजात व्याख्यान होतं. बाहेर फ्लेक्सवर 'सर्वांना सस्नेह निमंत्रण' असं लिहिलेलं, म्हणून गेलो. गेटवरच्या मुलाने विचारलं, काका तुम्ही कोणत्या शाळेचे सर? म्हटलं कुठल्याच नाही, ऐकायला आलोय. तो बिचारा गोंधळला, आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, कार्यक्रम तसा विद्यार्थ्यांसाठी आहे पण मागे बसा. बसलो. मग दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार, यात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गेली. पाहुणे हुशार होते, चांगलं बोलत होते, पण स्लाईड्स भराभर पळवत होते कारण वेळच उरला नव्हता. शेवटी एकाने माईक घेतला आणि म्हणाला, 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत, क्षमस्व.' मी चिठ्ठीवर प्रश्न लिहून नेला होता. तो तसाच खिशात ठेवून घरी आलो.

चिठ्ठीवरचा प्रश्न साधा होता. चंद्र एकच आहे, मग भरती दिवसातून दोनदा का येते?

आता तुम्ही म्हणाल काका गुगल करा. केलंय. वाचलंय पण, की चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं आणि पलीकडच्या बाजूचं सगळ्यात कमी, म्हणून दोन्हीकडे फुगवटा येतो वगैरे. व्हिडिओ पण बघितला. पण डोक्यात बसत नाही हो, दर वाक्याला 'थांबा, मग असं का नाही?' असं येतं मनात आणि व्हिडिओ थांबत नाही, म्हणजे थांबवता येतो पण उलट विचारता येत नाही. मला ते कोणाशी तरी वाद घालून समजून घ्यायचंय. या वयात एवढी एक हौस आहे.

असा वाद घालायला मिळतो हे मला 2019 साली कळलं. भाचीकडे अंधेरीला गेलो होतो, ती रविवारी सकाळी म्हणाली मामा चला तुम्हाला एक गंमत दाखवते, आणि जुहूला पृथ्वी थिएटरमध्ये घेऊन गेली. तिथे कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे टीआयएफआरचे शास्त्रज्ञ 'चाय अँड व्हाय' नावाचा कार्यक्रम करतात, 2009 पासून. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, जाऊन बसायचं. मला वाटलं सगळी इंग्लिशमध्ये बोलणारी मंडळी असणार आणि भाषा होती इंग्रजी-हिंदी मिक्सच, पण माणसं सगळ्या प्रकारची होती. एक आजी होत्या, शाळेतली पोरं होती, माझ्यासारखे काखेत पिशवी मारून आलेले दोन-तीन काका. आणि बोलणारा माणूस बोलत असताना मधेच हात वर करून विचारलेलं चालत होतं, कोणी 'प्रश्न शेवटी' म्हणून डोळे वटारत नव्हतं. स्टेजवर ना हार ना गुच्छ. आणि नावाप्रमाणे चहा.

चहाच्या वेळी मी तिथल्या एका मुलीला, ती रिसर्च करणारी असावी, माझा एक जुना प्रश्न विचारला, तो प्रश्न म्हणजे आमच्या घरातला एक दुखरा विषय आहे. आदल्या वर्षी एक सेल्समन घरी आला होता, पाण्याची मशीन विकायला. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनमधलं आरओचं, दोन्हीत सळया बुडवल्या आणि करंट सोडला. दोन-चार मिनिटांत नळाचं पाणी तपकिरी, हिरवट, वर गाळ, बघवेना. आरओचं जसंच्या तसं. बायको म्हणाली अगंबाई, हे पितोय आपण इतकी वर्षं? त्या दिवशी संध्याकाळी ॲडव्हान्स दिला. (कंपनीचं नाव लिहीत नाही, असे बरेच फिरतात.)

तर त्या मुलीने हसून एकच उलट प्रश्न केला, 'त्या स्वच्छ ग्लासात त्याने मीठ टाकून दाखवलं का?' नाही, म्हटलं. 'मग घरी जाऊन टाकून बघा, पण घरच्या करंटवर नाही हं, नऊ व्होल्टची छोटी बॅटरी आणि दोन लोखंडी खिळे पुरे, आणि खिडकी उघडी ठेवा.' घरी आलो, आरओचं पाणी घेतलं, चिमूटभर मीठ, खिळे, बॅटरी. थोड्या वेळाने तसाच हिरवट-तपकिरी गाळ! म्हणजे घाण पाण्यातली नव्हतीच, ती सळईतून निघत होती. लोखंड विरघळून त्याचा गंज होत होता. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून वाहत नाही, म्हणून तिथे काही होत नाही. बस. एवढ्यावर आमचे काही हजार गेले. बायकोला ग्लास दाखवला तर ती म्हणाली हे तुम्हाला आधी का नाही सुचलं. बरोबर आहे तिचं, पण मला सुचणार कुठून, शाळेत इलेक्ट्रोलिसिसला 'विद्युत अपघटन' म्हणायचे आणि मी ते पाठ करून दोन मार्क घेतले होते.

यावरून माझं म्हणणं तुमच्या लक्षात आलं असेल. विज्ञान म्हटलं की आपण ते पोरांना देऊन मोकळे होतो. प्रदर्शन पोरांचं, प्रश्नमंजूषा पोरांची, तारांगणाची सहल पोरांची. पण मशीन विकत घेणारा, तांब्याचं कडं घालणारा, विंचू चावल्यावर आधी मांत्रिकाकडे की आधी दवाखान्यात हे ठरवणारा माणूस चाळिशी-पन्नाशीचा असतो, त्याच्याशी कोण बोलतंय? त्याच्याशी सेल्समन बोलतो, आणि बसून, चहा घेत, सगळ्या शंकांना उत्तरं देत बोलतो. म्हणून तो जिंकतो.

विंचवावरून आठवलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्या कोकणातल्या सरकारी दवाखान्यात काम करत असताना विंचूदंशावर प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं औषध वापरून माणसं वाचवली, ते काम लॅन्सेटसारख्या जगातल्या मोठ्या मासिकात छापून आलं. हे आमच्या गल्लीतल्या किती जणांना माहीत आहे? मी विचारलं, तिघांना माहीत होतं, त्यातले दोघे मेडिकलवाले.

बाकी ही कल्पना काही नवीन नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1812 साली रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकायला एक पोरगा यायचा, वीस वर्षांचा, बुक बाइंडिंगच्या दुकानात काम शिकणारा, तिकिटं पण दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने दिलेली. त्याने नोट्स काढल्या, स्वतःच बाइंड केल्या आणि डेव्हींना पाठवून दिल्या, पुढच्या वर्षी तिथेच नोकरीला लागला. तो विजेवरच्या शोधांनी पुढे जगभर गाजलेला मायकेल फॅरेडे. पुढे त्यानेच तिथे शुक्रवारची संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली, मोठ्या माणसांसाठी. आणि अलीकडचं म्हणाल तर 1998 मध्ये इंग्लंडात लीड्सला 'कॅफे सायंटिफिक' सुरू झालं. शास्त्रज्ञाने साधारण वीस मिनिटं बोलायचं, मग ब्रेक, सगळ्यांनी आपापले ग्लास भरून आणायचे आणि मग तासभर फक्त प्रश्न. हे मला फार आवडलं, बोलणं वीस मिनिटं आणि प्रश्न तासभर! आपल्याकडे बरोबर उलटं, आणि प्रश्न तर तेवढे पण नाहीत. तिकडे 2013 पासून 'पाइंट ऑफ सायन्स' पण निघालंय, ते चक्क पबमध्ये. ते आपल्याकडे नको, आमच्याकडे आधीच त्या ग्लासांसोबत बरंच विज्ञान सांगितलं जातं.

आणि बोलावून ऐकायची सवय तर आपल्यालाही जुनीच आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली, आता गावोगावच्या वाचनालयांत अशा माला चालतात, हॉल आहे, माईक आहे, सतरंज्या आहेत, येणारे लोक ठरलेले आहेत. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीत हे काम करतेच आहे, त्यांच्याकडे माणसं आहेत. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. मग सात दिवसांच्या मालेत सहा दिवस शिवचरित्र, ताणतणाव आणि आनंदी जीवन यांना देता, तर सातवा एक दिवस अशा गप्पांना द्यायला काय हरकत आहे? शिवचरित्राबद्दल माझं काही म्हणणं नाही, ताणतणाववाल्यांबद्दल आहे पण ते पुन्हा कधीतरी.

फक्त अट अशी की शाल-श्रीफळ नाही, स्टेज नाही, खुर्च्या गोल मांडायच्या, अर्ध्या वेळेत चहा आणि नंतरचा सगळा वेळ प्रश्नांना. भाषा मराठी, आणि मराठी म्हणजे आपण बोलतो ती, इलेक्ट्रॉनला इलेक्ट्रॉनच म्हणा, आम्ही घाबरत नाही.

अजून एक. अशा गप्पांत ऐकणाऱ्यांकडे पण काहीतरी असतं. आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत, शाळा दुसरीपर्यंत. त्यांना कधीही विचारा, भरती किती वाजता? तिथी मोजतात आणि तिचं पाऊणपट करून सांगतात. चतुर्थी असेल तर तीनला, अष्टमी असेल तर सहाला, पुनवेला सव्वाअकराला. मी पंचांग आणि भरतीचं टाइमटेबल घेऊन पंधरा दिवस ताडून पाहिलं, बँकेतली सवय जात नाही. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण होडी काढायला पुरेल इतकं जुळतं. भरती रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येते, मावशींच्या हिशोबात 45 धरलेत. हा नियम कोणी बसवला असेल, किती पिढ्या बघून बसवला असेल! मावशी आणि एखादा समुद्रशास्त्रवाला समोरासमोर बसले तर मला वाटतं दोघांनाही मजा येईल, आणि आम्हाला जास्त.

आणि चिपळूणकराला उधाण-भांग (उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान) हा नुसता गमतीचा विषय नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या तळमजल्यावर फ्रीज तरंगत होता. त्यानंतर महिनाभर पाण्याच्या टँकरच्या लायनीत एकच चर्चा, कोणी म्हणे कोयनेचं पाणी सोडलं, कोणी म्हणे उधाण होतं म्हणून नदी तुंबली, कोणी गाळाला दोष देई, कोणी पावसालाच. यातल्या प्रत्येकात तथ्य असेल-नसेल, पण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला साध्या गोष्टी माहीत हव्यात की नाही? कोयना धरणाचं वीज काढून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणावरून आमच्या वाशिष्ठी नदीत येतं हे खरं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण जवळ होतं हेही खरं. पण कशाचा वाटा किती, हे आकड्यांनी सांगायला गल्लीत कोणी बसलं नाही. मी स्वतः फक्त एवढं गणित केलं, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. म्हणजे 200 मिलिमीटर पाऊस पडला तर एका चौरस किलोमीटरवर 20 कोटी लिटर. हे लायनीत सांगितलं तर लोक गप्प झाले, एक जण म्हणाला पुन्हा सांगा. तेव्हा मला कळलं की लोकांना ऐकायचं असतं, फक्त त्यांच्याच पुराबद्दल ऐकायचं असतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांबद्दल वाचलं होतं की मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आता सर गेले, पोस्टकार्डं पण कोणी लिहीत नाही.

तर तुमच्याकडे मागणं एवढंच. 'आजचे कार्यक्रम' या सदरात तुम्ही कीर्तन, रक्तदान, वधूवर मेळावा सगळं छापता, तिथे अशा विज्ञानगप्पांना एक ओळ द्या आणि त्या ओळीत 'मोठ्यांनाही प्रवेश' हे दोन शब्द नक्की टाका. आमच्या वाचनालयात मी बोलून ठेवलंय. ते म्हणाले वक्ता आणा, हॉल फुकट देतो. चहा माझ्याकडून, साठ कपांपर्यंत. मासेवाल्या मावशींनी यायचं कबूल केलंय, फक्त त्या दिवशी भांग असला पाहिजे म्हणाल्या, उधाणात धंदा असतो. त्यामुळे तारीख अष्टमीच्या आसपास ठेवावी लागेल. वक्ता अजून मिळालेला नाही, समुद्राबद्दल मराठीत बोलणारं आणि मधेच अडवलेलं चालणारं कोणी तुमच्या वाचकांत असेल तर पत्त्यासाठी तुमच्या कचेरीत चौकशी करावी, मी माझा पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे.

पत्र कापायचं असेल तर ताणतणाववाली ओळ कापा, मावशींचा हिशोब मात्र ठेवा.

आपला,
एक निवृत्त कॅशिअर, चिपळूण