मॅडम, हे आभार चार लोकांसमोरच मानायचे होते

आदरणीय मॅडम,

जय हिंद.

नाव लिहायचं नाही आणि बँकेचं तर नाहीच नाही, ही तुमची अट पाळतोय. पण आभार जाहीरच मानणार, हा हट्ट माझा. सैन्य पोलिसातून पेन्शनीला येणारी पोरं हल्ली मला फोन करतात. "सर, बाहेर आपल्या कामाला कोण विचारतं?" मी त्यांना जे काही सांगतो, त्यातलं निम्म्याहून जास्त तुमचं असतं. दुसऱ्याचं शहाणपण आपल्या नावावर किती दिवस खपवायचं?

जे वाचतील त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. सैन्य पोलीस म्हटलं की लोकांना लाल टोपी, पांढरा पट्टा आणि मोटारसायकलवरच्या कसरती आठवतात. ते सगळं आहेच. पण प्रोव्होस्ट युनिटमध्ये, म्हणजे सैन्य पोलिसांच्या तुकडीत, काहीजणांच्या वाट्याला तपासाचं काम येतं. डेपोतून कमी भरलेलं पेट्रोल, कँटीनच्या स्टॉकमधली तफावत, खोटा सुट्टीचा दाखला, गाडीचा अपघात, बराकीतली मारामारी. जबाब घ्यायचे, लेजर आणि गेटपास ताब्यात घ्यायचे, जागेचा नकाशा काढायचा, रिपोर्ट लिहायचा. माझी नोकरीची शेवटची बरीच वर्षं यातच गेली. गावाकडे, साताऱ्यात, हे कुणाला सांगितलं तर "म्हणजे सीआयडी का?" असं विचारायचे. मी हो म्हणून टाकायचो.

निवृत्तीआधी डीजीआरचा, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा, कोर्स मिळतो, तसा मलाही मिळाला. विषय सिक्युरिटी. मग मुंबईत बहिणीकडे, प्रभादेवीला, येऊन राहिलो आणि एजन्सींच्या चकरा सुरू झाल्या. सगळीकडे एकच. डिस्चार्ज बुक उघडायचं, उंची बघायची आणि "सुपरवायझर म्हणून गेट सांभाळाल का?" माझे कितीतरी सोबती हे काम मान वर करून करतात, त्याला मी कमी लेखत नाही. 2005 चा कायदा आल्यापासून त्या धंद्याला लायसन्स आणि ट्रेनिंगची चौकट तरी आली. पण माझ्या हातात जे होतं ते गेटवर उपयोगी पडणारं नव्हतं. भाऊजींचं म्हणणं, सरकारी बँकेत माजी सैनिकांना क वर्गात साडेचौदा टक्के जागा राखीव असतात, क्लार्कची परीक्षा दे. त्यांचंही बरोबर होतं. मी पुस्तकंही आणली होती.

आणि एका संध्याकाळी बहिणीने सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या मॅडम बँकेच्या दक्षता विभागातून रिटायर झाल्यात, एकदा भेट.

तुम्ही रँक विचारली नाहीत. कुठे-कुठे पोस्टिंग झालं, बर्फात होतात का, गोळी चालवली का, यातलं काहीच नाही. विचारलंत ते एवढंच: "शेवटचं प्रकरण कोणतं, आणि ते सिद्ध कसं केलंत?" मी म्हणालो, मॅडम, ते सांगता येणार नाही, 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा पेन्शनीनंतरही लागू असतो. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते आता मी प्रत्येक पोराला सांगतो. युनिट नको, जागा नको, नाव नको, साल नको. नुसता कागद कुठून निघाला, कुठे पोहोचला आणि मध्ये कुठे बदलला, तेवढं सांगा.

मग मी इंधनाच्या एका प्रकरणाचा मागणीपत्रापासून गाडीच्या लॉगबुकापर्यंतचा प्रवास सांगितला. गाडीने कागदावर जेवढं तेल प्यायलं, तेवढे किलोमीटर ती धावलीच नव्हती. तुम्ही मध्येच वही काढलीत, ते माझ्या लक्षात आहे. खाली बहीण जेवायला हाका मारत होती, आणि तुमचं आपलं "म्हणजे देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही एकाच पेनाची?" चालूच. बाहेर आल्यापासून माझ्या कामाबद्दल असा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

त्यानंतर बायोडाटा तुम्ही जवळजवळ फाडलाच. पदकं आणि कोर्सेस एका ओळीत कोंबले, आणि त्याला जोडायला एकेका पानाची दोन प्रकरणं लिहून घेतलीत, नावगाव काढलेली. लोअर परळच्या ज्या कंपनीने मला अंतर्गत तपासाच्या कामावर घेतलं, त्यांनी मुलाखतीत त्या दोन पानांवरच प्रश्न विचारले.

पण खरा धडा तुमच्या जेवणाच्या टेबलावर झाला. तुम्ही संशयित अकाउंटंट आणि मी तपास करणारा, अशी तालीम. मी आपला नेहमीच्या पद्धतीने सरळ बसून प्रश्न सुरू केले. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तुम्ही उठलात, पर्स घेतलीत आणि म्हणालात, "मी राजीनामा देते. आता काय कराल?" मी बघतच राहिलो. लष्करात माणूस असा उठून जात नाही. आर्मी ॲक्टच्या 107 कलमाने प्रोव्होस्टला अटकेचा अधिकार दिलाय, आणि तो वापरला नाही तरी खोलीत असतोच. समोरच्याला ते माहीत असतं, आपल्यालाही. कंपनीत तो अधिकार नाही. दार अडवलं तर उलट आपल्यावरच गुन्हा.

मग तुम्ही सगळं एकेक करून शिकवलंत. समोरच्याला दाराजवळच्या खुर्चीवर बसवायचं. एचआरचा माणूस सोबत हवा, समोर बाई असेल तर बाईच. किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, पाणी कधी दिलं, सगळं लिहायचं. जबाब द्यायला नकार दिला तर नकार लिहायचा आणि विषय सोडायचा. आणि मुख्य म्हणजे माणसाला बोलवायच्या आधी कागद वाचून संपवायचे, कारण तो उठून गेला तरी कागद जात नाहीत. लॅपटॉप आधी ताब्यात, त्याची प्रत काढून हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या प्रतीचा डिजिटल ठसा, नोंदवायची. संगणकातला पुरावा कोर्टात द्यायला तेव्हा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65 बी चं प्रमाणपत्र लागायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलं, तर त्याचा नवा नमुनाही पहिल्यांदा तुमच्याकडूनच आला, व्हॉट्सॲपवर, पहाटे. (तुम्ही झोपता कधी?)

एका गोष्टीसाठी वेगळे आभार मानायचे आहेत. त्याच काळात एक गृहस्थ मला खासगी डिटेक्टिव्हगिरीत ओढत होते. पैसा बरा, काम सोपं, कुणाचेही कॉल रेकॉर्ड काढून देतो म्हणाले. तुम्ही 2018 ची आठवण दिलीत. ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर, म्हणजे हेच कॉल रेकॉर्ड, विकणारं जाळं उघडं केलं, तेव्हा त्यात खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली होती. शिवाय या धंद्यासाठी 2007 मध्ये विधेयक आलं, पण कायदा काही झाला नाही. म्हणजे लायसन्सचं संरक्षण नाही आणि अधिकार तर सामान्य माणसाएवढेच. "वर्दीत मिळायचं ते सगळं आता मागून मिळवायचं, आणि नाही मिळालं तर त्याच्याशिवाय सिद्ध करायचं," हे तुमचं वाक्य. पुढे मला ते शब्दशः उपयोगी पडलं.

कंपनीच्या भिवंडीच्या गोदामातून नाशिककडे जाणारा माल कमी भरत होता. सगळ्यांचा संशय गोदामातल्या एका पोरावर, कारण तो नवीन होता आणि त्याच्याकडे नवी गाडी होती. मी पोराला बोलावलंच नाही. मालासोबतच्या ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो, गोदामाच्या रजिस्टरला बाहेर पडायची वेळ असते, वजनकाट्याची पावती असते. ट्रान्सपोर्टरला लेखी विनंती केली, त्याने त्याच्या गाड्यांचा फास्टॅगचा हिशोब दिला. नाशिकला निघालेली गाडी पडघ्याच्या टोलवर लवकरच दिसायला हवी. काही फेऱ्यांना ती तिथे बऱ्याच तासांनी उगवत होती. मधला वेळ कुठे गेला, एवढा एकच प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर त्या पोराकडे नव्हतं. इंधनाच्या प्रकरणातलं लॉगबुक आणि हा फास्टॅग, काम तेच. एक्सेल तेवढं शिकावं लागलं. ते माझ्या भाचीने शिकवलं. तिचेही आभार, पण तिला मोबाईल घेऊन दिलाय, हिशोब मिटला.

आता तुमचं-माझं जुनं भांडण. तुम्ही म्हणायचात, लष्करातली चौकशी म्हणजे हुकूम, तिथे आरोपीचं ऐकतं कोण? मी आर्मी रूल्स 1954 चा नियम 180 दाखवला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या अंतर्गत चौकशीत, एखाद्याच्या चारित्र्याला किंवा सैनिकी लौकिकाला बाध येणार असेल, तर त्याला चौकशीभर हजर राहण्याची, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची पूर्ण संधी द्यावी लागते. आणि नियम 182 असा की तिथले जबाब कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून चालत नाहीत, सगळं पुन्हा उभं करावं लागतं. हा नियम डावलला म्हणून पुढचं सगळं कोसळलेलं मी पाहिलंय, आणि म्हणूनच तो मला तोंडपाठ आहे. तुम्ही चष्मा काढून दोनदा वाचलात. काही बोलला नाहीत.

मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक विरुद्ध राजेश अग्रवाल खटल्यात निकाल दिला की कर्जदाराचं खातं फ्रॉड ठरवण्याआधी त्याला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे. तो निकाल तुम्हीच पाठवलात, खाली एकच ओळ: "घ्या, तुमचा 180 बँकेत आला." पुढे 15 जुलै 2024 ला रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांत उत्तरासाठी किमान 21 दिवस देणं बंधनकारक झालं. अख्खी नोकरी बँकेत काढलेल्या बाईने हे कबूल करायला मोठं मन लागतं. मला नोकरी लागल्याच्या आनंदापेक्षा तो मेसेज मोठा वाटला, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. अजून ठेवलाय.

वर्दी उतरवली की माणसाला वाटतं अधिकार गेला, म्हणजे कामही गेलं. माझ्याकडे अधिकाराशिवाय चालणारं काय आहे, ते तुम्ही एका संध्याकाळीत काढून दाखवलंत. कोऱ्या मनाने कागद वाचणं, आणि ज्याच्यावर बोट आहे त्याला बोलू देणं. पोरांना मी म्हणतो, रँक घरी ठेवा आणि ही दोन कामं सोबत घेऊन या. काहींना पटतं. काहींना अजून गेटच्या शेजारची केबिन बरी वाटते, त्यालाही माझी ना नाही.

तुमचं एक मात्र अजून झालेलं नाही. सीएफईची, म्हणजे सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनरची, परीक्षा. अमेरिकेतल्या त्या संस्थेचं सदस्यत्व घेतलं, पुस्तकं उघडली. तपासाचा भाग वाचताना घरी आल्यासारखं वाटतं, पण ताळेबंदाच्या पानावर गाडी अडते ती अडतेच. घसारा, तरतूद, येणी वाढवून दाखवलेली, यात तुमच्याशिवाय कुणी धकवणारं नाही. तेव्हा रविवारी संध्याकाळी वर येतो. बहीण थालीपीठं देणार आहे. या वेळी राजीनामा देऊन उठू नका, मला रोखप्रवाहाचं पत्रक समजेपर्यंत तरी बसा.

आपला,
तळमजल्यावरचा सुभेदार