अ‍ॅपची चावी ताब्यात घ्या

संपादक महोदय,

अँड्रॉइड अ‍ॅप करून घेणाऱ्या शाळा, पतसंस्था सोर्स कोड मागतात. अ‍ॅपवर डिजिटल सही करणारी चावी जिच्यात असते, ती की-स्टोअर फाइल मात्र विसरतात. नव्या आवृत्तीवर जुन्याच चावीची सही नसेल, तर फोन ती जुन्यावर बसवत नाही. जुने अ‍ॅप काढावे लागते, त्यासोबत फोनमधली त्याची माहितीही जाते. गुगल प्लेवर ऑगस्ट २०२१पासून नवे अ‍ॅप एएबी (अँड्रॉइड अ‍ॅप बंडल) या स्वरूपातच द्यावे लागते. तिथे अंतिम सही गुगल करते, म्हणून विकासकाची अपलोडची चावी हरवल्यास बदलून मिळते. एपीके (फोनवर थेट बसवायची अ‍ॅप-फाइल) स्वतःच वाटणाऱ्यांना ही सोय नाही! म्हणून फाइल, पासवर्ड आणि चावीचे टोपणनाव (एलियास) दोन ठिकाणी जपा, कोडसोबत नको. चावी बनवताना कीटूल या साधनाला तिची १०,००० दिवसांची मुदत सांगा. न सांगितल्यास ते ती ९०च दिवसांची धरते.

– एक अ‍ॅप विकासक, पुणे