दिनूस, साउथहॉलहून

साउथहॉल, लंडन
१२ ऑक्टोबर

प्रिय दिनू,
जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. बीडीडी चाळीत वाढलेला, दलित पँथरमध्ये असलेल्या माणसाचा पोरगा मला विचारतोय की शिष्यवृत्ती रखडली तर पोरीने अर्ज करावा, मोर्चात कशाला जावं! वर, "ऋतुजाला कोण फूस लावतंय कळत नाही." फूस लावून पोरं रस्त्यावर येतात हेच मुळात मला पटत नाही. मी राहतो त्या भागातली गोष्ट ऐक, मग काय ते ठरव.

४ जून १९७६ ला इथल्या डोमिनियन सिनेमाजवळ गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या शीख मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने भोसकून मारलं. वडीलधाऱ्यांची सभा भरली. निषेध झाला, ठराव झाला, निवेदन द्यायचं ठरलं. पोरांना ते पुरेना. ती थेट पोलिस ठाण्यावर गेली आणि त्यांच्यातल्या ज्या दोघांना पोलिसांनी धरलं होतं, त्यांना सोडेपर्यंत हलली नाहीत. शेवटी सोडावंच लागलं. त्या दोन-तीन दिवसांत साउथहॉल यूथ मूव्हमेंट उभी राहिली.

आता म्हातारे भित्रे होते असं समजू नकोस. याच लोकांनी १९६५ मध्ये इथल्या वूल्फ रबर कारखान्यात संप केला होता. त्यांचं भांडण पगाराचं, पाळीचं, युनियनचं. मनात कुठेतरी होतं की चार पैसे जमले की पंजाबात परत जाऊ, तोवर फार वाकड्यात शिरायला नको. पोरांना परत जायला गावच नव्हतं. शाळा इथली, भाषा इथली, शिव्यासुद्धा इथल्याच. पाहुण्यासारखं वागायचं त्यांना काही कारणच नव्हतं. त्यांच्या घोषणेत "आम्ही इथेच राहणार" हे आधी यायचं, लढण्याचं नंतर. मला वाटतं खरी गोम इथे आहे. मार खाल्ल्याची चीड सगळ्यांनाच होती, पण हे माझंच गाव आहे असा हक्क सांगणारा पोरगाच रस्त्यावर आला.

शेजारी एक सरदारजी आहेत, साठी ओलांडलेले. तेव्हा शाळेत होते. का गेलात, विचारलं तर म्हणाले, "सगळे निघाले, मी घरी बसून काय करणार होतो?" मला वाटलं टाळताहेत. मग त्यांनी शाळेच्या बसबद्दल सांगितलं. एका शाळेत बाहेरून आलेल्यांची मुलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नकोत, असं सरकारचं धोरण होतं. म्हणून साउथहॉलच्या पोरांना बसमध्ये कोंबून दूरदूरच्या गोऱ्या वस्त्यांतल्या शाळांत पाठवत. तिथे एकटा सापडलेला पोरगा मार खायचा. त्यामुळे स्टॉपपर्यंत घोळक्याने चालायचं, मोठ्यांनी धाकट्यांना मधे घ्यायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. १९७६ साली त्यांना कोणी जमवावं लागलं नाही. ती आठ-दहा वर्षं जमलेलीच होती. सरकारने ज्यांना पांगवायला बस लावल्या, त्यांची त्याच बसमध्ये टोळी झाली!

मार्टिन फान झोमेरेन या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, लोक एकत्र येऊन रस्त्यावर का उतरतात, यावरचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून तीन गोष्टी मांडल्या: अन्यायाची चीड, "आपण" ही भावना, आणि एकत्र आलो तर काहीतरी हलेल हा भरवसा. पैकी "आपण" ही भावना उरलेल्या दोघींना बळ देते म्हणे. मला तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ठाण्यावरून ते दोघे सुटले नसते, तर पुढच्या वेळी किती जण परत आले असते?

किंमतही मोजावी लागते, ते लपवत नाही. २३ एप्रिल १९७९ ला नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाने मुद्दाम साउथहॉलच्या टाउन हॉलमध्ये सभा ठेवली. निदर्शनं झाली, पोलिसांनी ७०० जणांना धरलं, ३४५ जणांवर खटले भरले. ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्यावर घाव बसून गेला. तो न्यूझीलंडचा गोरा माणूस, या पोरांच्या बाजूने आलेला. घाव बहुधा पोलिसाचाच होता, हे सांगणारा खुद्द पोलिसांचा अहवाल बाहेर यायला २०१० उजाडलं. उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या बारा आशियाई पोरांवर तर १९८१ मध्ये पेट्रोल बॉम्ब बनवले म्हणून कटाचा खटला भरला गेला. बनवले, पण वस्तीच्या रक्षणासाठी, असं त्यांनी कोर्टात सरळ सांगितलं. पुढच्या वर्षी ज्यूरीने सोडलं. सोडलं नसतं तर उमेदीची वर्षं तुरुंगात गेली असती. तेव्हा तुझी काळजी खोटी नाही.

ऋतुजासाठी आणखी एक. मोर्चात पोरीही होत्या, पण घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल बोललं की "आता नको, समाजाची बदनामी होईल" असं ऐकावं लागायचं. १९७९ मध्येच साउथहॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना निघाली, आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन बायकांनी मिळून काढलेली. ती आजही चालू आहे. पुरुषांच्या किती संघटना नंतर दिसेनाशा झाल्या! तुझ्या पोरीला तिच्याच मोर्चातल्या पोरांशीही भांडावं लागेल. तेव्हा बाप म्हणून तू कुठे उभा राहतोस ते बघ.

जात आणि वंश एक नव्हेत, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण १९७२ ला आपल्याकडच्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, तेव्हा आपल्या रिपब्लिकन पक्षाच्या पुढाऱ्यांच्या गटबाजीला ती अशीच विटलेली होती ना? म्हणून एक काम कर. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत दलित पँथरच्या वरळीच्या सभेला आप्पा गेले होते, ते एकटे गेले की चाळीतलं कोणी हाक मारायला आलं होतं, ते विचार. ऋतुजा शेजारी बसलेली असताना विचार. ते काय म्हणतात ते मला सविस्तर लिही, फोनवर उरकू नकोस.

आईला नमस्कार. वहिनींना सांग, गोडा मसाला संपत आलाय.

तुझा,
श्री