घरी सोडताना घरच्यांनाही शिकवा

संपादक महोदय,

पक्षाघात झालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला रुग्णालयातून घरी सोडताना नातेवाइकांच्या हाती औषधांची यादी पडते. शुश्रूषा कशी करायची, हे मात्र बहुधा कुणी शिकवत नाही. साधारण दर 2 तासांनी कूस बदलली नाही, तर माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. गिळायला त्रास असेल, तर रुग्णाला ताठ बसवून छोटे घास द्यावे लागतात आणि जेवणानंतरही अर्धा तास तसेच बसवून ठेवावे लागते. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. हे घरच्यांना त्रास उद्भवल्यावरच कळावे, याची फार खंत वाटते. परिचारिकांनी हे आधी करून दाखवावे आणि मग नातेवाइकांकडून आपल्यासमोर करून घ्यावे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘आयसपोर्ट’ हा प्रशिक्षण कार्यक्रम तयार केला आहे. डॉक्टरांनी तो आवर्जून सुचवावा.

शिवाय सगळा भार बहुतेक घरांत एकाच व्यक्तीवर, तोही बहुतांशी स्त्रीवर पडतो. तिला आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण मोकळा मिळेल, अशी पाळी भावंडांनी लावून घ्यावी. दूर राहणाऱ्यांनी फोनवरून सल्ले देण्याऐवजी त्या दिवसाच्या मदतनिसाचा खर्च उचलावा.

— एक वाचक