मोत माउलीच्या जत्रेला लोक जातात कशाला?

संपादक साहेब,

बांद्र्याच्या माउंट मेरीच्या, म्हणजे आमच्या मोत माउलीच्या, जत्रेची बातमी दरवर्षी सप्टेंबरात सगळ्या पेपरांत येते आणि ती दरवर्षी सेमच असते, ट्रॅफिक कुठून वळवला, बेस्टने जादा गाड्या किती सोडल्या, आणि एक गर्दीचा फोटो. तेही लागतंच म्हणा. पण एवढी माणसं तिथे जातात कशाला हे कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी वसईचा, ख्रिस्ती. चर्च घरापासून चालत पाच मिनिटांवर, मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, मराठीत. तरी 8 सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिवस झाला आणि त्यापुढच्या रविवारी जत्रा सुरू झाली की गावातून बस करून बांद्र्याला जायचं म्हणजे जायचंच. देव काय तिकडे जास्त आहे का, असं आमची पोरं विचारतात, आणि प्रश्न काही चुकीचा नाही.

माझं मत विचाराल तर ही ओढ चमत्काराची कमी आणि मेणाची जास्त. हसू नका. चर्चच्या रस्त्याला स्टॉल लागतात, त्यावर मेणाचे हात, पाय, बाळ, घर, परदेशी जायचं असेल तर विमानसुद्धा. ज्याचा गुडघा गेलाय तो पाय घेतो, भाड्याच्या खोलीला कंटाळलेला घर घेतो. मागे रांगेत माझ्यापुढे एक मावशी होत्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, मेणाचं बाळ उन्हाने मऊ पडेल म्हणून पदराखाली धरलेलं, आणि सुनेला दम देत होत्या की तू नको धरूस, तुझे हात गरम असतात. घरी प्रार्थनेला बसलं की मन दहा ठिकाणी पळतं, इथे जे हवंय ते हातात घेऊन चढ चढायचा, धापा टाकायच्या आणि वर माउलीपुढे ठेवून रिकाम्या हाताने उतरायचं. शिकलेले लोक याला अंधश्रद्धा म्हणतात. आमचे एक फादरसुद्धा प्रवचनात म्हणाले होते की मेण नको, मन आणा. पटतं, पण गावची बस दरवर्षी हेच फादर ठरवतात!

आणि त्या मावशींना कोणी धर्म विचारला नाही. विचारणार कोण, मूर्ती समुद्रात सापडली ती कोळ्यांना, अशी गोष्ट सांगतात, आणि मोत माउली हे नाव पण त्यांच्याच तोंडचं. माहीमच्या सेंट मायकल चर्चला 1948 पासून बुधवारची नोव्हेना, म्हणजे माउलीकडे मागणं मागायची खास प्रार्थना, चालू आहे, तिथेही हेच. तमिळनाडूत वेलंकनीच्या माउलीला तर लोक भगवे कपडे घालून चालत जातात, डोकं भादरतात, माउलीला साडी वाहतात, आणि इथून वांद्रे टर्मिनसवरून स्पेशल गाड्या सुटतात त्या वेगळ्याच.

2020 ला कोरोनात जत्रा रद्द झाली, मिस्सा ऑनलाइन. मोबाईलवर सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि आमच्या घरात अर्ध्यावर कोणी चहा ठेवायला उठलं, कोणी गॅलरीत गेलं. 2022 ला जत्रा परत भरली तेव्हा हीच मंडळी तासन्‌तास रांगेत उभी, एक कुरकुरला नाही. काडियो-बोडियोचा गोड खाऊ घ्यायलाच येतात सगळे, असं कोणी म्हणेल, तर खाऊ खाली मिळतो, वर चढायची गरज काय?

ज्यांच्या हातात आहे त्यांना एकच विनंती, जत्रेच्या आठवड्यात चढावर म्हाताऱ्या माणसांसाठी थोड्या जास्त खुर्च्या आणि प्यायचं पाणी ठेवा. लिफ्ट वगैरे मात्र काही नको, चढ आहे तसाच राहू द्या.

— एक वाचक, वसई