ऊन पडते तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. ‘सेव्हन’ तू अखेर पाहिलास आणि तो तुला सोसवेना इतका अंधारलेला वाटला, हे वाचून लगेच उत्तर लिहायला बसलो. डेव्हिड फिंचरचा हा १९९५ सालचा, खूनसत्राच्या पोलीस तपासावरचा चित्रपट मी परवाच पुन्हा पाहिला आणि या खेपेस खुनांपेक्षा माझे लक्ष पावसाकडेच अधिक होते.

त्या शहराला चित्रपटात नावच नाही. कोसळणारा पाऊस, भिंतीपलीकडची भांडणे आणि गाड्यांचे भोंगे यांतूनच ते उभे राहते. तपास करणारा वयस्कर पोलीस अधिकारी सॉमरसेट पलंगावर पडून उशाजवळचा मेट्रोनोम, म्हणजे ताल देणारे यंत्र, चालू करतो, ते दृश्य तुला आठवत असेल. काटा डावीकडून उजवीकडे टकटक करत हलू लागतो आणि बाहेरचा गोंगाट हळूहळू विरत जातो. निवृत्तीला जेमतेम आठवडा उरलेल्या या माणसाला शहर झोपूही देत नाही, हे मॉर्गन फ्रीमन तोंडातून अवाक्षर न काढता सांगतो. पुढे एका रात्री तोच मेट्रोनोम तो जमिनीवर आपटतो, तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले.

तुझी तक्रार अंधाराची आहे. छायालेखक दारियस खोंजी यांनी तो फार विचारपूर्वक योजला आहे. चित्रपटाच्या काही प्रिंट तयार करताना, एरवी रसायनाने काढून टाकली जाणारी चांदी फिल्मवर राहू दिली होती. त्यामुळे रंग फिके पडतात आणि काळा रंग अधिक गडद होतो. त्या काळोखात टॉर्चचे झोत फिरतात, तेव्हा उजेड पडेल तेवढेच आपल्याला दिसते आणि तपास करणाऱ्यांइतकेच आपणही चाचपडत राहतो. (पावसातल्या त्या पाठलागाचे चित्रण करताना ब्रॅड पिटच्या हाताला खरोखरच दुखापत झाली आणि त्याने साकारलेल्या मिल्सच्या, म्हणजे सॉमरसेटच्या तरुण जोडीदाराच्या, हाताचे प्लास्टर कथेतच सामावून घेतले गेले.)

मला सर्वांत धाडसी वाटतो तो शेवट. इतका वेळ ज्या पावसाला आपण कंटाळलेलो असतो, तो थांबतो, लख्ख ऊन पडते, आणि विजेच्या उंच मनोऱ्यांखालच्या त्या ओसाड माळावर लपायला कुठे आडोसाच उरत नाही. दुरून धूळ उडवत व्हॅन येताना दिसली, तेव्हा मला वाटले, पुन्हा पाऊस सुरू व्हावा.

तुझा,
जिवलग मित्र